पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी: अपग्रेडनंतर डिस्प्ले येत नसेल तर

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे अल्बमची रांग लागते. नवरा फोटो काढतो, मी ते पानांवर बसवते आणि व्हिडिओचं मिक्सिंगही करते. परभणीत बारा वर्षं हेच काम चाललंय. लग्नसराई सुरू व्हायच्या आत कॉम्प्युटर जरा दमदार करून घ्यावा म्हणून गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी नवी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बसवायला घेतलं. दोन्ही एकदमच. बटण दाबलं, पंखे फिरले, निळे दिवे लागले आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. नणंदेचा मुलगा टॉर्च धरून उभा होता. म्हणाला, "मामी, चालू तर होऊ लालंय, मग दिसंना कामून?"

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट स्कूटीच्या पुढ्यात ठेवून एका दुकानात नेलं. तिथल्या पोराने दहा मिनिटांत निकाल दिला: "ताई, बोर्ड गेला." नव्या बोर्डाचे साडेसहा हजार सांगितले. माझ्याकडे तेव्हा तेवढे नव्हते, म्हणून तो डबा तसाच परत आणला. हुशारी वगैरे काही नाही, निव्वळ पैशाची अडचण. रात्री घरीच कारण सापडलं आणि त्यावर एक रुपयाही खर्च झाला नाही. काय होतं ते पाचव्या पायरीत येईल.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. काल चालणारा कॉम्प्युटर आज आपण उघडल्यावर बंद पडला असेल, तर दोष बहुतेक आपला हात जिथे लागला तिथेच असतो. सुटा भाग खराब निघणं अगदीच होत नाही असं नाही, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

एक खुलासा आधीच करते. तो अख्खा डबा, ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, त्याला इथे कॅबिनेट म्हटलंय. प्रोसेसर म्हणजे आतली ती चौकोनी चिप, आणि बोर्ड म्हणजे हे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड.

हाताशी काय ठेवायचं

- स्टार स्क्रू ड्रायव्हर आणि चांगला टॉर्च (मोबाइलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो)
- मऊ ब्रश. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा असेल तर उत्तमच
- शाळेतला पांढरा खोडरबर
- सीआर २०३२ नंबरचा गोल सेल, घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो
- काढलेले जुने भाग: जुनी रॅम, जुनं कार्ड. डिस्प्ले येऊन चार दिवस जाईपर्यंत ते विकू नका, कुणाला देऊ नका
- बोर्डाचं पुस्तक. हरवलं असेल तर बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून उतरवून घ्या
- सगळ्या भागांची बिलं

आणि उघडल्या उघडल्या, काहीही हलवायच्या आधी, आतले चार-पाच फोटो काढा. मी फोटोवालीच असून काढले नव्हते.

१. काळी स्क्रीन म्हणजे नेमकं काय, ते ओळखा

"डिस्प्ले येत नाही" या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात.

बटण दाबल्यावर काहीच हललं नाही, पंखाही नाही, तर गोष्ट विजेची आहे. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) मागचं छोटं बटण, भिंतीतला पिन किंवा पुढच्या बटणाची बोर्डावरची बारीक वायर तपासा. पंखे दोन सेकंद फिरून थांबतात आणि पुन्हा फिरतात, असं चक्र चाललं असेल तर रॅम, शॉर्ट किंवा कमी पडणारा एसएमपीएस बघायचा. कंपनीचा लोगो दिसतो आणि विंडोज सुरू होताना स्क्रीन काळी होते, तर यंत्र ठणठणीत आहे. तिथे ड्रायव्हरचा घोळ असतो. सेफ मोडमध्ये जाऊन जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाकायचा.

चौथा प्रकार सगळ्यात छळणारा. पंखे नीट फिरत राहतात आणि स्क्रीनवर काहीही नाही. इथे एक सोपी परीक्षा घ्या. एक मिनिट थांबून कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर आतून चालू झालाय, फक्त चित्र तुमच्यापर्यंत येत नाही. मग दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या पायरीवर लक्ष द्या. दिवा ढिम्म असेल तर तो सुरूच होत नाहीये. माउसच्या लाल दिव्यावर विश्वास ठेवू नका, नुसता करंट मिळाला तरी तो लागतो.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. जो दिवा लागून राहिला तिथे गाडी अडकली. स्वस्तातल्या आणि जुन्या बोर्डांवर हे नसतं. तिथे स्पीकरच्या चार पिनांवर लावायचा छोटा बझर कामाला येतो. मला चाळीस रुपयांना मिळाला. तो लावून सगळ्या रॅम काढून बटण दाबा. "टीं टीं" असं ओरडला तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, ते रॅम मागतायत. हा आवाज ऐकून मला झालेला आनंद घरात कुणाला समजला नाही.

एक अपवाद सांगते. डीडीआर ५ रॅमच्या नव्या मशीनमध्ये, विशेषतः एएमडीच्या एएम ५ बोर्डांवर, रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड त्या रॅमची ओळख करून घेतं आणि काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. घाबरून मध्येच बंद केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. चहा टाका, दहा मिनिटं हात लावू नका.

२. मॉनिटर आणि केबल

हसू नका, पण केबल चुकीच्या जागी लावणं हा या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा आहे. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की मागच्या बाजूला चित्राची दोन ठिकाणं होतात. एक वर, यूएसबी आणि माइकच्या भोकांजवळ, ते बोर्डाचं. दुसरं खाली, आडव्या पट्टीवर, ते कार्डाचं. केबल आता खालच्या ठिकाणी लावायची. बहुतेक बोर्ड कार्ड दिसलं की स्वतःचं चित्र बंद करतात, त्यामुळे सवयीने वर लावलेल्या केबलीतून काहीच येत नाही.

मग मॉनिटरच्या मेनूत जाऊन सोर्स बघा. केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर व्हीजीएवर ठेवलेला, असं हमखास होतं.

आपल्याकडच्या स्टुडिओंत, ई-सेवा केंद्रांत अजून निळ्या व्हीजीए पिनेचे चौकोनी मॉनिटर आहेत, आणि त्यांच्यासाठी एक वेगळाच खड्डा आहे. जीटी ७१०, ७३० सारख्या जुन्या कार्डांवर व्हीजीए मिळायचं. एनव्हिडियाच्या १००० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर ते नाही. डीव्हीआयचं पांढरं भोक असलं तरी ते नुसतं डिजिटल आहे. शंभर रुपयांतलं डीव्हीआय ते व्हीजीए टोपण त्यात नीट बसतही नाही, कारण त्या टोपणाच्या चार जास्तीच्या पिनांना जागाच नसते. पिना पक्कडीने मोडून ते बसवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातून चित्र येत नाही ते नाहीच. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, आणि तपासणीपुरता तरी शेजारचा एचडीएमआय टीव्ही लावून बघा. टीव्हीवर चित्र आलं की कॅबिनेट सुटलं.

३. प्रोसेसरच्या नावात शेवटी काय लिहिलंय

हे कार्ड काढून तपासणाऱ्यांसाठी आहे. "कार्ड काढा आणि बोर्डाला केबल लावा" हा सल्ला सगळे देतात. पण बोर्डाच्या भोकातून चित्र यायला प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असावे लागतात. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल, जसं १२४००एफ, तर ते नसतात. एएमडीच्या रायझन ५ ३६०० आणि ५६०० मध्ये नाहीत, ५६००जी मध्ये आहेत. ७००० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत साधारण असतात, पण ७५००एफ मध्ये नाहीत.

तुमचा प्रोसेसर बिनग्राफिक्सचा असेल तर कार्ड काढून केलेली तपासणी कायम काळीच दिसणार. ती बघून "बोर्डही गेला" असं समजून रडू नका.

४. उघडण्याआधी

स्विच बंद, भिंतीतली पिन बाहेर, मग पुढचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्याच्या आत जोराचा झटका देण्याइतकी वीज राहते.

थंडीत आपल्याकडे हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तेवढी स्थिर वीज रॅमला मारायला पुरते. नायलॉनची साडी, लोकरी स्वेटर, सतरंजी टाळा. कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला मधूनमधून हात लावत राहा. आणि चालू कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही. जुन्या वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण अर्थिंगची वायर कुठेच गेलेली नसते. आधी वायरमन बोलवा, अपग्रेड नंतर.

५. विजेच्या केबली

माझा बोर्ड "गेला" होता तो इथे.

बोर्डाला एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबली येतात. एक २४ पिनांची रुंद केबल, ती सगळ्यांना दिसते. दुसरी वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या मागे लपलेली, ४ किंवा ८ पिनांची. ती फक्त प्रोसेसरसाठी. ही सुटली तरी बऱ्याच बोर्डांवर पंखे छान फिरतात, दिवे लागतात, सगळं ठीक दिसतं. प्रोसेसर मात्र उपाशी असतो, त्यामुळे आवाज नाही, चित्र नाही, नम लॉकही नाही.

कार्डाला जागा व्हावी म्हणून मी केबलींचा गुंता मागे ओढून पट्टी बांधली होती. त्या ओढीत ही चार पिनांची केबल अर्धी वर आली होती. पूर्ण निघालेली नाही, म्हणून वरून बघितलं तर लावलेलीच दिसायची. रात्री भाच्याने टॉर्च तिरका धरला तेव्हा केबलीच्या टोकाची सावली शेजारच्या कनेक्टरपेक्षा लांब पडली. अंगठ्याने दाबलं, 'टक' वाजलं, बटण दाबलं आणि लोगो आला. दुकानातल्या पोराने बहुधा रॅम काढून-घालून बघितली आणि सोडून दिलं.

म्हणून नुसतं डोळ्यांनी तपासू नका. प्रत्येक केबल बाहेर काढा आणि परत आवाज येईपर्यंत बसवा. कुलपाची कडी तिच्या खाचेवर अडकली पाहिजे.

प्रोसेसरची ८ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल लांबून सारख्या दिसतात. पहिली ४ अधिक ४ अशी फुटते, दुसरी ६ अधिक २. त्यांच्यात अधिक-उणेची मांडणी उलटी असते आणि पिनांचे आकारही त्यासाठीच वेगळे ठेवलेत. जोर लावून बसवावी लागत असेल तर ती चुकीचीच आहे. सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली त्याला लावू नका. टोक सारखं असलं तरी आतली मांडणी कंपनीगणिक बदलते आणि जळण्याचा वास पहिल्या सेकंदाला येतो.

६. रॅम

कॅबिनेटमध्ये माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेलाय, आणि ओळखीच्यांच्या मशीनमध्येही बहुतेक वेळा गाठ इथेच सुटते.

आधी जात बघा. डीडीआर ३, ४ आणि ५ यांची मधली खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. बसत नसेल तर उलटी धरली आहे किंवा जात चुकली आहे. दाबू नका.

मग बसवणं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबायचं. रॅम बसवताना भीती वाटते इतका जोर लागतो, ते बरोबर आहे. काही बोर्डांवर कुलूप एकाच बाजूला असतं. दुसरी बाजू नुसती खाचेत सरकते आणि नेमकी तीच अर्धा मिलिमीटर वर राहते. सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच बुडाली का, ते टॉर्च लावून बघा.

चार खाचा असतील आणि रॅम एक असेल तर बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत जाते. दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. पुस्तकात चित्र असतं, तेच प्रमाण माना.

आता स्वच्छता. आमच्या गल्लीच्या मागे जिनिंग आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की घरात पांढरं तंतू उडतं, खिडक्या लावल्या तरी. मी जुनी रॅम काढली तेव्हा खाचेत त्या तंतूची बारीक दोरी झाली होती. ती चिमट्याने नका ओढू, आतल्या पिना वाकतात. रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकर तर अजिबात नको, थुंकी जाते. रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर एकाच दिशेने हलक्या हाताने चार वेळा फिरवा, चुरा ब्रशने झाडा. हा उपाय गावठी वाटतो, पण जुन्या रॅमवर चढलेला काळपटपणा त्याने जातो.

एवढं करून जमत नसेल तर एकच रॅम ठेवा. आधी जुनी, जी काल चालत होती. चालली तर नवी तिच्याच जागी लावून बघा. मग दुसऱ्या खाचेत. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि तो कागदावर लिहायचा. रात्री अकरा वाजता कुठली रॅम कुठे लावून झाली ते आठवत नाही.

जुन्या एच ६१, एच ८१ बोर्डावर ८ जीबीची डीडीआर ३ टाकणाऱ्यांनी विशेष जपावं. ऑनलाइन अतिशय स्वस्तात जी रॅम मिळते तिच्या खाली बारीक अक्षरांत 'फक्त एएमडी बोर्डांसाठी' असं लिहिलेलं असतं. त्यातल्या चिपांची रचना इंटेलच्या त्या बोर्डांना वाचता येत नाही. रॅम चांगली, बोर्ड चांगला, आणि स्क्रीन काळी. परत करण्याची मुदत आहे तोवर परत करा.

७. ग्राफिक्स कार्ड

खाचेच्या टोकाला असलेली कडी लागली का, आणि मागची पट्टी स्क्रूने आवळताना कार्ड तिरकं झालं का, एवढं आधी. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा नेमका नसतो. स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक वर उचललं जातं. स्क्रू न लावता एकदा चालू करून बघा.

खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापेक्षा जास्त लागत असतील तर कार्डाच्या डोक्यावर ६ किंवा ८ पिनांचं तोंड असतं आणि ते रिकामं ठेवून चालत नाही. पंखा फिरला म्हणजे कार्डाला पुरेशी वीज मिळाली असं होत नाही. एसएमपीएसला ती केबलच नसेल तर हार्ड डिस्कच्या साटा केबलीपासून जोडणी करणारं कन्व्हर्टर दुकानात देतील. घेऊ नका, ते टोक वितळतं.

अगदी जुनं कार्ड नव्या बोर्डावर लावत असाल तर ते युईएफआय, म्हणजे नव्या बोर्डांची सुरू व्हायची पद्धत, ओळखत नसेल. मग लोगोसुद्धा दिसत नाही. बोर्डाच्या भोकातून येणाऱ्या चित्रावरून बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन सीएसएम नावाचा, जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारा पर्याय आहे का बघा. नव्या बोर्डांवर तो मिळेलच असं नाही.

८. गोल सेल काढा

बोर्डाच्या डोक्यात जुन्या भागांची नोंद आणि सेटिंग बसलेली असतात. रॅम नेहमीच्या साध्या वेगापेक्षा वरच्या वेगाने पळवायची एक्सएमपी सेटिंग चालू असेल तर तीही तिथेच. पिन काढा, सेल बाहेर घ्या, पुढचं बटण पंधरा सेकंद दाबा, पाच मिनिटं थांबा, सेल परत लावा. सेल पाच-सहा वर्षांचा असेल तर नवाच टाका.

पण थांबा. विंडोज ११ असेल तर हे करायच्या आधी, आणि प्रोसेसर बदलायच्या तर नक्कीच आधी, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन लिहून घ्या. डिस्क कुलूपबंद आहे हे अनेकांना माहीतही नसतं. डिस्प्ले येतो, आनंद होतो, आणि निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते. अल्बमचा सगळा डेटा आत, आणि आपण बाहेर.

९. नवा प्रोसेसर टाकला असेल तर

खाचेत बसला म्हणजे चालेल, असं नसतं. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या एच ११० बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर सहज बसतो, खाचेचं नावही एकच, पण चालत नाही. बी ४५० बोर्डावर रायझन ५००० मालिका चालते, बी ६६० आणि एच ६१० वर तेरावी पिढी चालते, मात्र त्यासाठी बायोस नवं असावं लागतं. बोर्ड दुकानात पडून राहिलेला जुना असेल तर बायोसही जुनं. जुना प्रोसेसर परत लावून आधी बायोस अपडेट करा. काही बोर्डांच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं, त्यात प्रोसेसरशिवाय, एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून ते होतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड खरोखर जातो. आपल्याकडच्या लाइटचं सांगायला नको, यूपीएसशिवाय हे करूच नका.

इंटेलच्या खाचेतल्या पिना बोर्डावर असतात, एएम ४ मध्ये प्रोसेसरच्या पोटावर. एएम ४ चा कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही त्याला चिकटून येतो आणि पिना वाकतात. आधी थोडा वेळ मशीन चालवून गरम करा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. नव्या कूलरच्या तळावरचं पारदर्शक प्लॅस्टिक काढायला विसरू नका.

१०. एसएमपीएस आणि यूपीएस

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं. तो आकडा स्टिकरचा, आतल्या सामानाचा असेलच असं नाही. वजनावरून थोडा अंदाज येतो. चांगला एसएमपीएस हातात जड लागतो. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड एकटं १७० वॉटपर्यंत खातं, आरटीएक्स ४०६० साधारण ११५. कार्डावर खर्च करून एसएमपीएस जुनाच ठेवणं म्हणजे नव्या ट्रॅक्टरला बैलगाडीची चाकं.

६०० व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. नवं कार्ड, दोन मॉनिटर आणि स्पीकर त्यावर असतील तर तो ओव्हरलोड होऊन सोडून देतो. तपासताना यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीतून चालवून बघा.

११. खोक्यावर मांडून बघणं

वरचं सगळं झालं आणि अजून अंधार असेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या रुपेरी पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर चालू करू नका, तिचा बाहेरचा भाग वीज वाहू शकतो. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, लागलंच तर कार्ड, विजेच्या दोन केबली. बाकी काही नाही. पॉवर बटणाच्या दोन पिना पुस्तकात शोधा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा.

इथे चित्र आलं तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात. बोर्ड बदलताना जास्तीची एखादी खुंटी भोक नसलेल्या जागी राहिली की ती बोर्डाच्या पोटाला टेकून शॉर्ट करते. कधी पडलेला स्क्रूही सापडतो. आमच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरच्या बोर्डाखाली मुंग्यांचं अख्खं वारूळ निघालं होतं.

१२. दुकानात न्यायची वेळ आलीच तर

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण जुनी. हार्डवेअरच्या बाबतीत ती उलटी करावी लागते: परभणीत नाही बनलं तर संभाजीनगर, नाहीतर पुण्याला कुरिअर. आमच्याकडचे, नांदेडचे बरेच जण स्वस्त पडतं म्हणून देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादला जाऊन चिनॉय ट्रेड सेंटरमधून भाग आणतात. आणा खुशाल, पण पक्कं बिल घेऊन आणा. १८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या कार्डाची वॉरंटी मागायला तुम्ही कुणाच्या दारात जाणार? बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. पक्कं बिल असूनही दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

बोर्ड देण्याआधी प्रोसेसरच्या खाचेतल्या पिनांचा जवळून फोटो काढा आणि वरचं प्लॅस्टिकचं झाकण लावूनच द्या. पिना वाकलेल्या दिसल्या की वॉरंटी नाकारतात, आणि त्या कुणी वाकवल्या हे नंतर सिद्ध होत नाही. डिस्क काढून घरी ठेवा, डिस्प्ले तपासायला ती लागत नाही.

दुकानात गेल्यावर काय बदललं ते सगळं सांगा, आपली चूक झाली असेल तीही. 'बोर्ड गेला' म्हणाले तर त्यांच्याकडच्या दुसऱ्या बोर्डावर तुमचा प्रोसेसर आणि रॅम लावून समोर दाखवा म्हणा. खरंच गेला असेल तर दहा मिनिटांत दिसेल.

आणि घरून निघताना स्वतःची केबल आणि कन्व्हर्टर पिशवीत टाका. दुकानात त्यांच्या केबलीवर चित्र येतं, आपण तपासणीचे पैसे देऊन घरी येतो, आणि घरी पुन्हा काळं. मागच्या महिन्यात जिंतूरहून एक ताई कॅबिनेट घेऊन दोनदा आल्या. दुसऱ्या खेपेला केबल सोबत होती, तिच्या टोकातली एक पिन आत गेलेली.